लढाईच्या वेळी घरी कोण होतं?

मी कॅनडात ऑन्टारिओ प्रांतातल्या एजॅक्स या गावी राहते. टोरांटोच्या पूर्वेला, ऑन्टारिओ सरोवराच्या काठावर. १९४१ पूर्वी इथे गाव नव्हतं, पिकरिंग टाउनशिपची शेतजमीन होती. दुसऱ्या महायुद्धात सरकारने ती ताब्यात घेतली, तिथे डिफेन्स इंडस्ट्रीज लिमिटेडचा तोफगोळे भरण्याचा कारखाना उभा राहिला आणि कामगारांसाठी भराभर घरं बांधली गेली. गावाला नावही लढाईतलंच मिळालं. डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेत प्लेट नदीच्या मुखाजवळ एजॅक्स, अकिलीस आणि एक्सेटर या तीन युद्धनौकांनी ‘ग्राफ श्पे’ या बलाढ्य जर्मन युद्धनौकेला गाठलं होतं. त्यातल्या एजॅक्सचं नाव या वस्तीला दिलं गेलं. आमचा मुख्य रस्ता हारवुड ॲव्हेन्यू, म्हणजे त्या तीन नौकांचे प्रमुख कमोडोर हारवुड यांच्या नावाचा. नवे रस्ते झाले तशी त्या नौकांवरच्या खलाशांची नावं रस्त्यांना देत गेले. मी भाजी आणायला जाते तेव्हा अशा कितीतरी पाट्यांखालून जाते.

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत हे कशासाठी, असं कोणाला वाटेल. पण या गावाला जे प्रश्न विचारावेसे वाटले ते मला आपल्या शाळेतल्या इतिहासाच्या सरांनी शिकवले होते, म्हणून इथेच लिहायचं ठरवलं.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत सरांनी आम्हाला गृहपाठ दिला होता. आपल्या सातारा जिल्ह्यात पलटणीत कोणी नाही असं घर शोधावं लागतं. सर म्हणाले, गावात नाहीतर आजोळी जो कोणी महायुद्धाला गेला होता त्याच्या घरी जा, पण लढाईचं काही विचारू नका, ते पुस्तकात मिळेल. तो गेला तेव्हा घरी कोण होतं ते विचारा. शेत कोणी केलं, मनीऑर्डर कोणाच्या नावावर यायची, पत्र कोण वाचून दाखवायचं, तार आली तर ती आधी कोणाच्या हातात पडायची.

मी आमच्या वाडीतल्या एका आजोबांकडे गेले. ते मराठा पलटणीतून इटलीत लढून आले होते. ते बोलले थोडंच. डिसेंबरातला चिखल, पाऊस, आणि ‘शेजारी कॅनडाचे लोक होते’ एवढं एक वाक्य. बोलल्या त्या आजी. वाडीत पत्र वाचणारा एकच माणूस, त्यामुळे नवऱ्याने काय लिहिलंय ते आधी साऱ्या वाडीला कळायचं आणि मग त्यांना. पोस्टमन बांधावरून येताना दिसला की बायका हातातलं खुरपं खाली ठेवून उभ्या राहायच्या. पोस्टमन पुढे निघून गेला की पुन्हा कामाला लागायच्या. सरांनी माझी वही वाचली आणि खाली लिहिलं, ‘आजींचं आणखी लिहून घे.’ पुढे दहावी आली आणि ते राहून गेलं.

एजॅक्समध्ये आल्यावर सरांचे तेच प्रश्न घेऊन मी इथल्या वाचनालयात आणि छोट्या संग्रहालयांत जाऊ लागले. इथे उत्तरं लिहून ठेवलेली होती, आणि भरपूर होती.

आमच्या गावच्या त्या कारखान्यात ऐन भरात ९,००० माणसं काम करत होती आणि युद्ध संपेपर्यंत तिथे चार कोटी तोफगोळे भरले गेले. कामगारांत बायका मोठ्या संख्येने होत्या. प्रेअरीतल्या, म्हणजे पश्चिमेकडच्या सपाट गवताळ मुलखातल्या शेतांवरून, पूर्वेकडच्या कोळ्यांच्या गावांतून पोरी आगगाडीने यायच्या, वसतिगृहात राहायच्या, पाळ्यांमध्ये काम करायच्या. दारूगोळ्याच्या कामाला जाताना घरचे कपडे उतरवून कारखान्याचे घालावे लागत. अंगठी, केसातला आकडा, काड्यापेटी काहीही आत नेता येत नसे, कारण एका ठिणगीने होत्याचं नव्हतं झालं असतं. अंगावरचं सगळं सोनंनाणं उतरवून रोज त्या दारातून आत जायचं! हे वाचताना मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

थंडर बे शहराचा एक भाग झालेल्या फोर्ट विल्यमला १,४०० हून अधिक हरिकेन लढाऊ विमानं तयार झाली, आणि त्या कामाच्या मुख्य अभियंता होत्या एल्सी मॅकगिल, लहानपणी नव्हे, ऐन तरुणपणी पोलिओने पाय अधू झालेल्या. आपल्या शाळेतल्या मुलींना हे नाव माहीत व्हावं असं मला फार वाटतं. आईबाप कामावर जाणार तर मुलं कोण सांभाळणार, म्हणून १९४२ मध्ये केंद्र सरकारने ऑन्टारिओ आणि क्वेबेक या प्रांतांशी करार करून पाळणाघरांचा निम्मा खर्च उचलला. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये तो पैसा बंद झाला. विवाहित बायकांना केंद्र सरकारच्या नोकरीत ठेवायचं नाही हा नियमही परत आला आणि १९५५ पर्यंत टिकला. ज्यांच्या हातांनी तोफगोळे भरून घेतले त्यांनाच घरी बसवलं, हे मला आजही खुपतं.

खाण्यापिण्याचं सांगायचं तर इथे उपासमार नव्हती. १९४२ पासून रेशनची पुस्तकं आली. साखर, मग चहा-कॉफी, मग लोणी, पुढच्या वर्षी मांस. साखर माणशी आठवड्याला अर्धा पौंड. पेट्रोलही कूपनावर. भाव वाढू नयेत म्हणून १ डिसेंबर १९४१ पासून किमती आणि पगार सरकारने गोठवले होते. मुंबईत १९४३ मध्ये रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लाखो माणसं अन्नावाचून मेली, ते आठवलं की इथल्या अर्ध्या पौंड साखरेचं दुःख मोठं वाटत नाही. तरीही इथली मंडळी नुसती हातावर हात धरून बसली नव्हती. शाळेतली मुलं २५ सेंटचं एकेक तिकीट घेऊन कागदावर चिकटवायची. सोळा तिकिटं, म्हणजे चार डॉलर झाले की सरकारकडून पुढे पाच डॉलर मिळणारं प्रमाणपत्र हाती यायचं. मुलं घरोघर फिरून भंगार, रद्दी, हाडं, तळणातलं उरलेलं तूप-चरबीसुद्धा गोळा करायची. बायका रेड क्रॉसच्या केंद्रांत रांगेने उभ्या राहून युद्धकैद्यांसाठी खोकी भरायच्या. दुधाची भुकटी, लोणी, मनुका, बिस्किटं, साबण असं सामान घातलेली अशी दीड कोटीहून अधिक खोकी कॅनडातून गेली.

आणि ज्यांच्यासाठी हे चाललं होतं ते कुठे होते? पुष्कळ जण इंग्लंडमध्ये नुसते थांबून होते. पहिली कॅनडियन डिव्हिजन डिसेंबर १९३९ मध्येच ब्रिटनला पोचली, पण तिची पहिली मोठी मोहीम, सिसिली, उजाडायला जुलै १९४३ यावा लागला. साडेतीन वर्षं कवायत, पाऊस आणि घरची पत्रं. त्या काळात कित्येकांची तिथेच लग्नं झाली. युद्धानंतर सुमारे ४८,००० नवऱ्या मुली आणि २२,००० मुलं समुद्र ओलांडून कॅनडात आली, त्यातली पुष्कळशी हॅलिफॅक्सच्या पिअर २१ धक्क्यावर उतरली. अनोळखी सासर, हाडं गोठवणारी थंडी, आईची भेट पुन्हा होईल की नाही याची शाश्वती नाही. आमच्या पिढीच्या बायका विमानाने आलो, तरी त्यांचं मला कळतं.

कॅनडाच्या पलटणी गावागावांतून उभ्या केलेल्या होत्या, आपल्याकडच्यासारख्याच. त्यामुळे एका लढाईचा घाव एकाच गावावर पडायचा. १९ ऑगस्ट १९४२ ला फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएपला सुमारे ५,००० कॅनडियन सैनिक उतरवले गेले. ९०० हून अधिक मारले गेले, जवळजवळ २,००० कैद झाले, आणि हे सगळं सकाळच्या काही तासांत. त्यांत हॅमिल्टनची पलटण होती, विंडसरची होती, टोरांटोची होती. पुढचे कित्येक दिवस त्या शहरांत तारवाला कोणत्या गल्लीत वळतो याकडे बायकांचे डोळे लागलेले असायचे. विनिपेगच्या घरांनी त्याहून मोठी वाट पाहिली. तिथली ग्रेनेडिअर्स पलटण नोव्हेंबर १९४१ मध्ये हाँगकाँगला पोचली आणि नाताळच्या दिवशी हाँगकाँग जपानच्या हाती पडलं. जिवंत कोण, कैदेत कोण, हे घरच्यांना कित्येक महिने कळलं नाही. या देशात मेलेल्या सैनिकाच्या आईला आणि पत्नीला चांदीचा क्रॉस देत असत. दर ११ नोव्हेंबरला ओटावातल्या स्मारकावर देशातल्या सगळ्या आयांच्या वतीने अशीच एक आई पुष्पचक्र वाहते.

‘शेजारी कॅनडाचे लोक होते.’ आजोबांच्या त्या वाक्याचा अर्थ मला एजॅक्समध्ये राहून लागला. डिसेंबर १९४३ मध्ये इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर मोरो नदीपाशी समुद्राच्या बाजूला पहिली कॅनडियन डिव्हिजन होती आणि तिच्या डाव्या हाताला आठवी भारतीय डिव्हिजन. त्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा रेजिमेंटची पहिली पलटण होती. मोरोवर पूल टाकायला अलीकडच्या काठावर जागाच नव्हती, म्हणून भारतीय सॅपर्सनी, म्हणजे पूल-रस्ते बांधणाऱ्या सैनिकांनी, सामान पलीकडे, शत्रूच्या काठावर नेलं आणि तिकडून इकडे पूल बांधत आणला. ‘अशक्य पूल’ हेच त्याचं नाव पडलं. कॅनडियन पुढे ओर्तोना शहरात शिरले. २० ते २८ डिसेंबर तिथे गल्लीबोळांत लढाई चालली. रस्त्यावर पाऊल टाकलं की गोळी, म्हणून एका घराची भिंत फोडून पुढच्या घरात असं ते सरकत राहिले. नाताळच्या दिवशी सीफोर्थ हायलँडर्स पलटणीने एका चर्चमध्ये पांढरे टेबलक्लॉथ घालून जेवणं मांडली. जवान आळीपाळीने येऊन जेवले आणि परत लढाईत गेले. काही जणांचं ते शेवटचं जेवण होतं.

पुढच्या मे महिन्यात गारी नदी ओलांडताना त्याच आठव्या भारतीय डिव्हिजनच्या मदतीला पहिल्या कॅनडियन आर्मर्ड ब्रिगेडचे रणगाडे होते. त्या ब्रिगेडमधली ऑन्टारिओ रेजिमेंट ओशावाची. ओशावा आमच्यापासून गाडीने थोड्याच अंतरावर, आणि तिथे त्या रेजिमेंटचं संग्रहालय आहे. ते रणगाडे पाहताना मला आमच्या वाडीतले आजोबा आठवले आणि तिथल्या वयस्क स्वयंसेवकाला मी त्यांच्याबद्दल सांगितलं. त्याचे वडील त्या रेजिमेंटमध्ये होते. भारतीय सैनिकांचं नाव घरात आदराने निघायचं, असं तो म्हणाला. मराठा रेजिमेंटला इटलीत दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, एक जुलै १९४४ मध्ये धारातीर्थी पडलेल्या माणगाव तालुक्यातल्या नाईक यशवंत घाडगे यांना, दुसरा एप्रिल १९४५ मध्ये नगर जिल्ह्यातल्या शिपाई नामदेव जाधव यांना. ही दोन्ही नावं मी त्याच्या वहीत लिहून दिली.

या देशाने त्याच काळात एक मोठा अन्यायही केला आणि तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९४२ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे २२,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवलं. त्यातले बहुतेक कॅनडाचे नागरिक, कित्येक इथेच जन्मलेले. व्हँकुव्हरच्या हेस्टिंग्ज पार्कमध्ये गुराढोरांच्या गोठ्यांत बायका-मुलांना ठेवलं आणि पुढे डोंगराळ भागातल्या छावण्यांत पाठवलं. त्यांच्या होड्या, शेतं, घरं सरकारने विकून टाकली. किनाऱ्यावर परत यायची मोकळीक त्यांना १९४९ मध्ये मिळाली आणि सरकारने माफी मागितली १९८८ मध्ये. ब्रिटिश कोलंबियात राहणाऱ्या आपल्या पंजाबी लोकांनाही त्या युद्धात मताचा अधिकार नव्हता, तो १९४७ मध्ये आला. ‘घरी कोण होतं’ असं विचारताना ज्यांचं घरच काढून घेतलं गेलं त्यांनाही विचारायला हवं.

युद्ध संपल्यावर आमच्या कारखान्याच्या इमारतींत टोरांटो विद्यापीठाने १९४६ मध्ये इंजिनिअरिंगचे वर्ग भरवले. विद्यार्थी बरेचसे आघाडीवरून परतलेले सैनिक, त्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकारचा. काल ज्या खोलीत दारू भरली तिथे आज गणित शिकवत होते. आपल्याकडचे आजोबा परतले ते मेडल आणि पेन्शनबुक घेऊन. त्यांना शाळेत कोणी बसवलं नाही.

आता शाळेला एक विनंती. महायुद्धांत पडलेल्या सैनिकांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदी कोणालाही विनामूल्य पाहता येतात. इटलीत सांग्रो नदीकाठच्या दफनभूमीत भारतीयांचं वेगळं स्मारक आहे, ज्यांना अग्नी दिला अशा ५०० हून अधिक जवानांचं. भारतीय जवानांच्या बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, पत्नीचं नाव, गाव आणि जिल्हा दिलेला आहे. त्यातून आपल्या तालुक्यातल्या गावांची यादी निघू शकते. स्पेलिंगं इंग्रजांनी त्यांच्या कानाने लिहिलेली आहेत, त्यामुळे गाव ओळखायला स्थानिक माणूसच हवा. ते काम आपली मुलं करतील. इथून लागणारी कागदपत्रं, नकाशे, इंग्रजी पत्रव्यवहार मी बघते. नावं मिळाली की त्या घरांत जायचं आणि नातवंडांकडे पत्रं, फोटो, मनीऑर्डरच्या पावत्या जे असेल त्याची प्रत काढून शाळेत ठेवायची. माझा पत्ता मुख्याध्यापकांकडे आहे. येत्या मे महिन्यात मी गावी येते आहे, तोपर्यंत निदान एका गावाची यादी तयार असेल तर आपण लगेच सुरुवात करू.