ओल बुजवायची कशाला?

“ही पाणथळ जागा भरून घ्या, उगाच डास होतात,” असे शेजारच्या आजोबांनी आज सुचवले, तेव्हा न्यू जर्सीतल्या आमच्या ओढ्याकाठी, त्यांच्या अगदी पाठीमागे, कार्डिनल फ्लॉवरच्या लालभडक तुऱ्यासमोर जेमतेम तीन ग्रॅमचा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड हवेत स्थिर उभा होता.

त्याने फुलाच्या अरुंद नळीत चोच घातली की फुलाच्या वर वाकलेल्या, परागकोशांच्या नळीचे टोक नेमके त्याच्या डोक्याला घासते आणि पराग पुढच्या फुलाकडे जातो. (आपला शिंजीर बहुधा फांदीवर बसून मकरंद पितो, हा बसायचे नावच घेत नाही.)

शरद ऋतूत मध्य अमेरिकेकडे निघण्यापूर्वी त्याला चरबी साठवावी लागते, आणि नेमके त्याआधी बहरणारे हे रोप ओल्या मातीवाचून नीट तगत नाही. ओल बुजवायची आणि हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगायची, यात कसले आले पक्षीप्रेम?