पित्ताशयातला पॉलिप आणि पोटाचा घेर: माझा अनुभव

वार्षिक तपासणीच्या सोनोग्राफीत दोन ओळी आल्या. पित्ताशयात ६.२ मिमीचा पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवरची बारीक वाढ, आणि लिव्हरवर ग्रेड १ची, म्हणजे सौम्य, चरबी. पहिल्या ओळीने झोप उडते, दुसरी कुणी वाचतही नाही. मला मात्र काम करायला लागलं ते दुसरीवरच.

आपण 'पित्त झालंय' म्हणतो ते जठरातलं आम्ल. पित्ताशय नावाच्या पिशवीशी त्याचा संबंध नाही. पित्त लिव्हरमध्ये तयार होतं आणि पित्ताशयात साठतं. पोटात आतड्यांभोवती चरबी साचली की इन्सुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि लिव्हर पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडायला लागतं. जास्तीच्या दर किलो चरबीमागे शरीरात रोज साधारण २० मिग्रॅ कोलेस्टेरॉल जादा तयार होतं. त्यात पित्ताशयही सुस्तावतं, पूर्ण रिकामं होत नाही. मग आतलं अस्तर कोलेस्टेरॉल शोषतं, अस्तराखालच्या मॅक्रोफेज पेशी ते गिळून फुगतात आणि भिंतीवर एक बारीक कोंब दिसू लागतो. हा कोलेस्टेरॉल पॉलिप. सापडणाऱ्या पॉलिपांपैकी निम्म्याहून जास्त याच जातीचे असतात आणि ते कॅन्सरकडे जात नाहीत. अडेनोमा ही खरी गाठ, जिचा पुढे कॅन्सर होऊ शकतो, थोड्यांतच निघते. पण सोनोग्राफीत दोघांना खात्रीने वेगळं काढता येत नाही, म्हणून सगळी भिस्त मापावर आणि आकारावर.

माझी पहिली सोनोग्राफी चहा-बिस्किटांवर झाली होती, म्हणजे जवळपास वायाच. दुधाच्या चहानेही पित्ताशय आकसतं आणि आकसलेल्या भिंतीची घडी पॉलिपसारखी दिसू शकते. दुसऱ्या वेळी रात्री नऊला जेवून सकाळी उपाशीपोटी गेलो. किमान ६ ते ८ तास पोट रिकामं हवं, पाणी चालतं. तपासताना डाव्या कुशीवर वळवून बघायला सांगितलं. खडा असेल तर तो घरंगळतो आणि मागे सावली टाकतो, गाळ हळूहळू सरकतो, पॉलिप मात्र भिंतीला चिकटून तिथेच राहतो. रिपोर्टमध्ये एवढं लिहून घ्या: सर्वांत मोठ्या पॉलिपचं माप मिमीमध्ये, एकूण किती आहेत, बारीक देठ आहे की रुंद बूड, त्या जागी भिंत ४ मिमीपेक्षा जाड आहे का, सोबत खडे आहेत का. नुसतं 'लहान पॉलिप' लिहिलेल्या रिपोर्टची पुढे तुलना कशाशी करणार?

आता निर्णय, आणि इथे गंमत आहे. १० मिमी किंवा त्याहून मोठा असेल तर युरोपातल्या डॉक्टरांच्या संघटनांचा २०२२चा संयुक्त सल्ला पित्ताशय काढा असं सांगतो. ६ ते ९ मिमीत वय साठीपुढे, रुंद बूड किंवा आशियाई वंश यातलं एकही असलं तरी तेच. त्याच वर्षीच्या अमेरिकी रेडिओलॉजिस्टांच्या सल्ल्यानुसार बारीक देठाचा, ९ मिमीपर्यंतचा पॉलिप पुन्हा बघायचीही गरज नाही. म्हणजे एकाच रिपोर्टवर एकीकडे ऑपरेशन, दुसरीकडे काहीच नाही! 'आशियाई' या एका शब्दात सगळे भारतीय येतात, पण पित्ताशयाच्या कॅन्सरचं प्रमाण गंगेच्या खोऱ्यात जास्त आहे, महाराष्ट्रात तेवढं नाही. माझा पॉलिप बारीक देठाचा, खडे नाहीत, दुखणं नाही. सर्जनशी बोलून ६ महिने, १ वर्ष, २ वर्षं असं तपासायचं ठरवलं. हा माझ्या रिपोर्टचा निर्णय; तुमचा तुमच्या सर्जनशी बोलूनच घ्या.

मग चरबी मोजली. वजनकाट्याने नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३ होता, शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. हे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही, आणि पँटची साइज म्हणजे घेर नव्हे. पुरुषांना ९० सेंमी, बायकांना ८० ही मर्यादा. माझा घेर ९४. जोडीला रक्ताच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ही चरबी १५० किंवा वर, एचडीएल हे चांगलं कोलेस्टेरॉल ४० (बायकांत ५०)च्या खाली, उपाशीपोटी साखर १०० किंवा वर, रक्तदाब १३०/८५ किंवा वर. घेर धरून या पाचांतले तीन जमले की त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराकडे नेणारा जोडगट.

सगळ्यात मोठी चूक पुढे होते: घाई. आठवड्याला दीड किलोहून जास्त वजन उतरलं की चरबीतलं कोलेस्टेरॉल पित्तात उतरतं आणि पॉलिप राहतो बाजूला, खडेच व्हायचा धोका वाढतो. तेल-तूप पूर्ण बंद करणं हीसुद्धा तीच चूक, कारण जेवणात स्निग्ध पदार्थ नसेल तर पित्ताशय नीट पिळलं जात नाही. मी आठवड्याला अर्धा किलोवर थांबलो. वरणभातावर चमचाभर तूप ठेवलं, भात निम्मा केला, दिवसभराचे उपास करणं बंद केलं. फॅटी लिव्हरला वजनाच्या ५ टक्के घटीनेही फरक पडतो. वजन उतरवायची नवी इंजेक्शनं, सेमाग्लुटाइडसारखी, घेत असाल तर पॉलिपचा रिपोर्ट त्या डॉक्टरांना आधी दाखवा. या इंजेक्शनांनी पित्ताशयाच्या तक्रारींचा धोका वाढतो.

सहा महिन्यांनी त्याच सेंटरमध्ये माप ५.८ आलं. याला पॉलिप आटला म्हणत नाहीत. मोजण्यातच १-२ मिमीचा फरक पडतो. घेर कमी केल्याने पॉलिप विरघळेल अशी हमी कुणी देत नाही. लिव्हरवरची चरबी मात्र रिपोर्टमधून गेली. युरोपीय सल्ल्यानुसार दोन वर्षांत २ मिमी किंवा जास्त वाढ दिसली तर पुन्हा विचार करायचा, १० मिमी गाठले तर ऑपरेशन. उजव्या बरगडीखाली कळ येऊन सोबत ताप किंवा डोळे पिवळे झाले, तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना.