‘ताजं रक्त’ म्हणजे किती ताजं?

पोस्टडॉकचे, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनाचे, पहिले चौदा महिने मी ठिपके मोजले. एलिस्पॉट नावाची चाचणी असते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये घालायच्या आणि त्यांना जंतूच्या प्रथिनाचे तुकडे दाखवायचे. जी टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) ते ओळखून इंटरफेरॉन-गॅमा हे संदेश देणारं प्रथिन सोडते, तिच्या जागी निळसर ठिपका उमटतो. एक ठिपका म्हणजे एक पेशी.

आमच्या प्लेटवर ठिपक्यांची रांगोळी पडायची. दुसऱ्या शहरातल्या आमच्या जोडीदार लॅबमध्ये, त्याच प्रोटोकॉलने, आम्हीच पाठवलेल्या रसायनांनी, जवळपास कोरी प्लेट. आधी वाटलं, प्रवासात पेप्टाइड, म्हणजे ते प्रथिनाचे तुकडे, खराब झाले असतील. नवे पाठवले. मग सीरमच्या लॉटवर संशय, मग इन्क्युबेटरच्या कार्बन डायऑक्साइडवर. मग, खोटं कशाला बोला, त्यांच्या विद्यार्थिनीच्या हातावर. तिला माझ्या हातावर संशय होता, हे नंतर कळलं. दर पंधरवड्याला ऑनलाइन मीटिंग व्हायची आणि दोन्हीकडचे लोक अतिशय सभ्यपणे एकमेकांना तेच तेच विचारायचे. माझा उपाय एकच: इकडे प्रयोग पुन्हा करायचा. तो इकडे दर वेळी यायचाच. त्यातून कुणाला काय कळणार होतं?

त्या दिवसांत धीर द्यायला येणारा प्रत्येक जण एमआरएनए लशींचा पाया घालणाऱ्या शास्त्रज्ञ कॅटलिन कारिको यांचं नाव काढायचा. १९९५ साली त्यांना खालच्या पदावर आणलं, तरी त्या आरएनए सोडून हलल्या नाहीत, आणि २०२३ मध्ये नोबेल. मला वैताग यायचा, कारण गोष्ट अर्धीच सांगितली जाते. कारिको आरएनए बनवत होत्या आणि त्यांचे सहकारी ड्रू वाइसमन यांच्याकडे डेन्ड्रिटिक पेशी, म्हणजे परकं काही दिसलं की इशारा देणाऱ्या पेशी, होत्या. त्या पेशींवर आरएनए घातलं तेव्हा दिसलं की पेशी भडकतात, पण ट्रान्स्फर-आरएनए हा दुसरा प्रकार घातला की गप्प राहतात. त्या फरकाचा माग काढत ते बदललेल्या न्यूक्लिओसाइडपर्यंत (आरएनए ज्यांचं बनतं त्या घटकांपर्यंत) पोचले आणि २००५ चा पेपर आला. एकाचं आरएनए आणि दुसऱ्याच्या पेशी एका बाकावर आल्या नसत्या, तर नुसत्या चिकटून राहण्याने हे दिसलं असतं का? मी तर एकटीच चिकटून बसले होते.

आमच्या मॅडमनी काही न बोलता माझ्या टेबलावर २०१४ चा एक पेपर ठेवला. बॉस्टन आणि बर्कलीतल्या दोन लॅबना स्तनाच्या ऊतीतून पेशी वेगळ्या करताना एकमेकांशी जुळणारी चित्रं मिळत नव्हती. सगळं तपासून झाल्यावर दोघं शेजारी उभे राहून काम करायला लागले, तेव्हा कळलं की एक जण ऊती जोरात ढवळतो आणि दुसरा हळुवार झुलवतो. बस्स, एवढंच! मॅडम म्हणाल्या, “तिकीट काढ. आणि तिथे गेल्यावर पहिला दिवस हात लावू नकोस, फक्त बघ.”

मी गेले. सकाळी नऊ वाजता तिथल्या तंत्रज्ञ ताईंनी फ्रिज उघडला आणि रक्ताच्या नळ्या बाहेर काढल्या.

“ताई, हे कधीचं?”

“कालचं. संध्याकाळी येतं ना सगळं. आपण ताजंच वापरतो, गोठवलेलं नाही.”

प्रोटोकॉल मीच लिहिला होता. त्यात शब्द होता ‘ताजं रक्त’. आमच्याकडे वॉर्ड एक मजला खाली, नळी हातात घेऊन जिना चढायचा, दोन तासांत काम सुरू. ‘ताजं’ म्हणजे काय हे लिहावं असं मला कधी सुचलंच नाही. त्यांच्याकडे नमुने तीन ठिकाणांहून गोळा होऊन यायचे.

ताईंनी फायकॉलवर, म्हणजे पेशी घनतेनुसार वेगळ्या करणाऱ्या द्रावणावर, रक्त सोडलं, सेंट्रिफ्यूज फिरलं. प्लाझ्माखाली आपल्याला हव्या त्या पेशींचं जे पांढरं कडं दिसायला हवं, ते गुलाबी आणि फुगलेलं होतं. रक्त फार वेळ पडून राहिलं की ग्रॅन्युलोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींची घनता बदलते. एरवी तळाशी जाणाऱ्या त्या पेशी वर कड्यातच अडकतात आणि टी-पेशींना दाबून टाकतात. ताई म्हणाल्या, “आमचं कडं असंच असतं.” चौदा महिन्यांत मी त्यांच्याकडे एका कड्याचा फोटोही मागितला नव्हता.

खात्री करायला एकाच व्यक्तीचं रक्त चार नळ्यांत वाटलं: दोन तास, आठ तास, चोवीस तास बाहेर, चोवीस तास फ्रिजमध्ये. ठिपक्यांनी उत्तर दिलं.

मला आनंद झाला, आणि समोर ती विद्यार्थिनी उभी होती. तिच्या वर्षभराच्या नमुन्यांचे आकडे आता वापरता येणार नव्हते, चूक माझ्या एका शब्दाची असूनही. मी माफी मागितली. ती म्हणाली, “आधी आला असतात तर!” त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढचं झटपट सांगते. रक्त काढण्याची वेळ बदलायची म्हणून एथिक्स कमिटीकडे सुधारित अर्ज, माझ्या फेलोशिपला सहा महिन्यांची मुदतवाढ, एका जर्नलचा नकार. पेपरवर आम्हा दोघींची नावं समान पहिल्या लेखिका म्हणून गेली, आणि ताईंचं नाव आभारात नाही, लेखकांत. यावर मात्र वाद झाला. मॅडम हटल्या नाहीत.

नवे नमुने सुरू झाले त्या रात्री विद्यार्थिनीचा फोटो आला. नळीत पातळ, स्वच्छ पांढरं कडं. खाली ताईंच्या अक्षरातलं लेबल: रक्त काढलं ४.१०, फायकॉल ५.५५.