फिनेल ओतायला पाणी कुठाय?

शालेय नेतृत्व आणि समुदाय शिक्षण हा विषय घेऊन मी नोकरी सांभाळत एम.ए. करतेय. ठाण्यातल्या एका अनुदानित शाळेत पर्यवेक्षिका आहे, त्यामुळे सभा, इतिवृत्त, सूचक-अनुमोदक हे सगळं रोजचंच. क्षेत्रकार्याला मात्र दुसरी शाळा घ्यावी लागते. मला मिळाली ती ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या वस्तीतली, दोन सत्रांत भरणारी. तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मागे बसून निरीक्षण करायचं होतं.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 21 सांगतं, की या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि शाळेला आलेलं अनुदान कसं खर्च होतंय यावर समितीने लक्ष ठेवायचं. एवढा अधिकार पालकांना दिलाय, आणि सभा ठेवतात बुधवारी सकाळी साडेअकराला! त्या वेळी आया ऐरोलीच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करत असतात आणि वडील एमआयडीसीत पहिल्या पाळीला. आलेले पालक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. सह्यांची जागा सोडून इतिवृत्त आधीच लिहून तयार होतं. ही पद्धत मी बऱ्याच शाळांत पाहिलीय आणि मला तिची मनापासून चीड आहे.

विषय होता खर्चाला मंजुरी देण्याचा. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या योजनेतून शाळेला मिळणारं संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं. 250 च्या वर आणि 1000 पर्यंत पट असेल तर वर्षाला 75 हजार, आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. मुख्याध्यापकांनी यादी वाचली. रंगकाम, खडू, दुरुस्ती, झाडू, फिनेल. "मंजूर ना?"

खिडकीजवळ बसलेली एक आई म्हणाली, "सर, फिनेल आणलंय ते दिसतंय. पण ते ओतायला पाणी कुठाय?"

मग तिने सगळं सांगितलं. पाणी पहाटे येतं, टाकी भरते आणि सकाळचं सत्र सुटेपर्यंत रिकामी होते. दुपारच्या सत्रात मुलींच्या संडासाच्या नळाला थेंब नसतो. सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात. "गेल्या की परत येत नाहीत. माझीपण येत नाही."

सर म्हणाले, "अहो, हजेरी तर उत्तम आहे," आणि त्यांनी सातवीचं हजेरीपत्रक उघडलं. मी उठून जवळ जाऊन पाहिलं. मुलींच्या नावांपुढे क्वचितच कुठे गैरहजेरीची खूण. एकही नोंद खोटी नव्हती. हजेरी पहिल्या तासाला घेतात आणि तोच आकडा पुढे जातो. मधल्या सुट्टीनंतर कोणी मोजतच नाही. वर्षानुवर्षं हजेरीपत्रकं तपासत आलेय, पण इतका स्वच्छ कागद इतकं झाकून ठेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

उपायही तिच्याकडे तयार होता. गच्चीवर दोन टाक्या आहेत, मधल्या पाइपाला कॉक लावा. सकाळी एकच टाकी चालवा, दुसरी दुपारी उघडा. "या महिन्याची भिशी आम्ही पुढच्या महिन्यात मिसळत नाही, तसंच." ती वस्तीतल्या बायकांची भिशी चालवते, हे मला तेव्हा कळलं.

मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. शिक्षक बीएलओच्या म्हणजे मतदार यादीच्या कामाला गेलेले, आधारच्या दुरुस्त्या, खिचडीचा हिशेब, माहिती भरायला रोज नवी लिंक. पण सभासुद्धा त्यांच्या लेखी त्यातलाच एक कागद झालीय. त्यांनी मान डोलावली, "बघू" म्हणाले आणि लिहून घेतलं. निघताना मी इतिवृत्त वाचलं. खाली एक ओळ वाढली होती: 'स्वच्छतेबाबत सविस्तर चर्चा झाली.' टाकी नाही, मुली नाहीत, बोलणाऱ्या बाईचं नावही नाही.

माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं, हा प्रसंग 'पालक सहभाग' या प्रकरणात टाका. मला ते पटत नाही. अडचण तिने हेरली, कारण तिने शोधलं, शाळेच्या आकडेवारीत न दिसणारी गोष्ट तिने दाखवली आणि हातातल्या पैशांत बसणारा उपायही सुचवला. मुख्याध्यापकाने हे केलं असतं तर आम्ही त्याला शालेय नेतृत्व म्हटलं असतं. आमच्या प्रश्नावलीत मात्र एकच प्रश्न आहे: पालक सभेला येतात का, नेहमी, कधीकधी, कधीच नाही. ती 'कधीकधी'मध्ये मोडते, कारण सभेला यायचं म्हणजे तिच्या कामाचा खाडा होतो.

मी तो प्रसंग नेतृत्वाच्या प्रकरणातच ठेवलाय. मार्गदर्शकांशी अजून वाद चालू आहे. मुख्याध्यापकांना पत्रही दिलंय: ठरावात सूचक म्हणून त्या बाईंचं नाव घालावं, सातवीची हजेरी महिनाभर मधल्या सुट्टीनंतरही घ्यावी आणि पुढची सभा रविवारी संध्याकाळी ठेवावी. उत्तर अजून आलेलं नाही. या आठवड्यात शाळेत जाऊन विचारणार आहे.