लसूण-तेलाची स्पॅगेटी

यवतमाळहून आणलेले स्पॅगेटीचे पाकीट उघडताच आईने एक काडी मोडून पाहिली आणि ‘ह्या तर शेवयाच’ असे सांगून टाकले. ते फारसे चूकही नव्हते, कारण पास्ता ज्या ड्युरम गव्हाच्या रव्याचा करतात, त्याच जातकुळीचा बन्सी गहू आपल्याकडेही पिकतो. इटलीतील नेपल्सकडच्या ‘आल्यो ए ओल्यो’ला, म्हणजे लसूण-तेलाच्या स्पॅगेटीला, लसूण, ऑलिव्ह तेल आणि लाल मिरची पुरते. लसूण मात्र मंद आचेवरच परतावा. पहिल्या खेपेस चुलीचा जाळ मला आवरला नाही, पाकळ्या काळ्या पडल्या आणि सगळे तेल कडवट झाले. पास्ता उकळलेले पिठूळ पाणी वाटीभर राखून ठेवावे, कारण त्यातील स्टार्चमुळेच तेल-पाणी एकजीव होऊन प्रत्येक काडीला चकाकी येते. आईने वरून जवसाची चटणी भुरभुरली, आणि मला ती चीजपेक्षा बरी वाटली.