कोण होता, कोण होती, कोण असेल

गेल्या पावसाळ्यात भाषांतराच्या वर्गाला मी शेरलॉक होम्सचा एक भाग दाखवला. ग्रॅनडा टेलिव्हिजनच्या मालिकेतला पहिलाच, १९८४ सालचा, 'अ स्कँडल इन बोहेमिया'. होम्स अर्थातच जेरेमी ब्रेट. माझ्या मते दुसरा कुणी नाहीच. मूळ कथा शेजारी ठेवून निवडक संवादांना मराठी सबटायटल लिहायची, दोन ओळींत बसणारी, एवढंच काम.

पहिल्या पत्रालाच गाडं अडलं. निनावी पत्रातल्या एका वाक्यात क्रियापद पार शेवटी गेलंय, तेवढ्यावरून होम्स ओळखतो की लिहिणारा जर्मन. पण मराठीत क्रियापद शेवटीच येतं! सरळ भाषांतर केलं की पुरावाच गायब. अर्धा तास त्यात गेला. अखेर मागच्या बाकावरच्या मुलाने होम्सच्या तोंडी एक शब्द वाढवला: 'इंग्रजीत क्रियापदाचे असे हाल जर्मन माणूसच करणार.' त्या 'इंग्रजीत'ने काम भागलं.

मग बेकर स्ट्रीटवरची रात्र. होम्स दारात किल्ली चाचपतोय आणि बाजूने घाईने जाणारा सडपातळ तरुण 'गुड नाइट, मिस्टर शेरलॉक होम्स' म्हणतो. ती असते कथेची नायिका आयरीन ॲडलर, पुरुषवेषात. आवाज कुठेतरी ऐकलाय, पण कोणाचा? इंग्रजीत 'हू' म्हटलं की झालं. आमच्या वह्यांत 'कोण होती' आलं तिथे गुपित फुटलं, 'कोण होता' आलं तिथे होम्सने तो पुरुषच ठरवून टाकला. मी फळ्यावर लिहिलं, 'कोण असेल बरं?' भविष्यकाळाने वाचवलं. 'असेल'ला लिंग नाही.

ब्योमकेश बक्षी या गुप्तहेराच्या मूळ बंगाली कथांत ही अडचणच नव्हती. तिथे क्रियापदाला लिंग नाही, तो आणि ती दोघांना एकच शब्द. १९९३ साली बासू चटर्जींनी तो दूरदर्शनवर हिंदीत आणला, तेव्हा 'आया था' की 'आयी थी' हे ठरवणं आलंच.

शेवटी आयरीनचं पत्र. पुरुषी वेष मला नवा नाही, असं ती होम्सला कळवते. कागलहून एसटीने येणाऱ्या मुलीने पुढची ओळ वाचली, 'त्यातल्या मोकळेपणाचा फायदा मी नेहमी घेतो.'

"घेते," शेजारचीने दुरुस्त केलं. दोघं-तिघं हसले.

"का? आमच्यात बायका असंच बोलत्यात. मी आलो, मी गेलो. आणि हिला तर मोकळं फिरायचंय, मग ही 'घेतो'च म्हणणार की."

मला काही सुचेना. पुण्याला शिकायला गेले तेव्हा वसतिगृहातल्या मुली माझ्या 'मी आलो'ला अशाच हसायच्या. सहा महिन्यांत मी 'आले' शिकले. इतकं पक्कं, की फोनवर आईशी बोलतानाही तेच यायला लागलं. पहिल्यांदा ऐकल्यावर ती क्षणभर गप्प झाली होती.

वर्गाला मी सांगितलं, 'घेतो' राहील. कारण तिने दिलंय तेच. मला त्याहून चांगलं सापडलं नाही.

तास सुटला. बाहेर पाऊस कोसळत होता. छत्री उघडत ती म्हणाली, "येतो मॅडम."

"थांब," मी म्हटलं, "स्टँडपर्यंत मीबी येतो."