तुम्ही विचारलंत म्हणून: तिकडच्या थंडीत करमतं कसं?

दर मे महिन्यात देवगडला आले की कुणी ना कुणी हे विचारतंच. मावशी विचारते, शेजारच्या काकू विचारतात, आंबे उतरवायला आलेले गडीसुद्धा विचारतात, "तिकडे बर्फ पडतो म्हणे. एवढ्या थंडीत तुला करमतं कसं?" उभ्या उभ्या बोलताना "सवय झाली" एवढंच तोंडून निघतं आणि मग दिवसभर चुटपूट लागून राहते. ते खरं उत्तर नव्हे. यंदा नीट लिहूनच देते.

मी राहते ते कानाझावा शहर जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर आहे. समोर जपानचा समुद्र, पाठीशी हाकुसानचे डोंगर. हिवाळ्यात सैबेरियाकडून कोरडं, गार वारं सुटतं. समुद्रावरून येताना ते पोटभर पाणी पितं, डोंगरांना अडतं आणि सगळं ओझं आमच्या अंगावर टाकून मोकळं होतं. डोंगरापलीकडे तोक्योत त्याच दिवशी निळंभोर आकाश आणि खडखडीत कोरडी हवा. ओळखीचं वाटलं ना? अरबी समुद्र, सह्याद्री, अलीकडे भिजलेलं कोकण आणि पलीकडे कोरडा देश. माझ्या लेखी हा हिवाळा म्हणजे आपला पावसाळाच. जूनऐवजी डिसेंबरात येतो आणि अधूनमधून पांढरा होऊन पडतो.

डिसेंबर हा इथला सर्वांत ओला महिना. जानेवारीचं सरासरी तापमान ४ अंशांच्या आसपास, त्यामुळे पाऊस, गारा, बर्फ, मध्येच लख्ख ऊन आणि पुन्हा पाऊस असं सगळं एका दुपारीत होऊन जातं. इथे म्हण आहे, जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. पहिल्यांदा ती कानावर पडली तेव्हा डोळे मिटून घेतले असते तर आजोळच्या पडवीत बसल्यासारखं वाटलं असतं.

आणि पावसाळा म्हटला की आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, आलीच. आपल्याकडे मे महिन्यात घर शाकारायचं, लाकडं आत घ्यायची, सुकं मासळीचं सामान डब्यात भरायचं. इथे १ नोव्हेंबरला केनरोकुएन बागेतल्या झाडांची आगोट सुरू होते. कानाझावाचं बर्फ ओलं आणि जड. एका रात्रीत फांद्यांवर साचलं की पाइनची जुनी फांदी कडकन मोडते. म्हणून झाडाच्या बुंध्याशी उंच खांब उभा करतात आणि त्याच्या टोकापासून प्रत्येक फांदीपर्यंत भाताच्या पेंढ्याची दोरी बांधतात. याला युकित्सुरी म्हणतात. मान पहिला कारासाकीच्या पाइनचा. त्या एका झाडाला पाच खांब आणि सुमारे ८०० दोऱ्या लागतात.

पहिल्या वर्षी मी सकाळची गेले ती दुपारपर्यंत तिथून हलले नाही. एक माळी खांबाच्या शेंड्यावर चढून बसलेला. तो दोरीचं वेटोळं खाली सोडतो, ते हवेत उलगडत येतं, खालचा माणूस झेलतो आणि आपल्या फांदीशी जातो. गाठ मारण्याआधी तो तळहात फांदीखाली घालतो आणि किंचित उचलून बघतो, झोपलेल्या मुलाचं डोकं उशीवर सारखं करावं तसं. मग गाठ. फांदी वर ओढायची नसते, नुसता तिचा हात धरून ठेवायचा असतो. ही युक्ती म्हणे फळांनी लगडलेल्या सफरचंदाच्या फांद्यांना आधार देण्यावरून आली. मार्चच्या मध्यापासून सगळ्या दोऱ्या सोडतात, आणि पुढच्या नोव्हेंबरात नव्या बांधतात. इतक्या झाडांची दर वर्षी इतकी काळजी वाहणाऱ्या गावात करमणार नाही कसं?

डिसेंबरात नागामाचीतल्या जुन्या सामुराई घरांच्या कुंपणांवर गवती चटया चढतात. ही कुंपणं मातीची. ओलं बर्फ त्यांना चिकटलं, पाणी आत मुरलं आणि गोठलं की पोपडे सुटतात. म्हणून कौलांच्या पागोळीपासून खाली ओळीने चटया टांगायच्या. मी तिथे उभी राहिले आणि मला आजीच्या घराच्या मातीच्या भिंती दिसल्या, पावसाची झड लागू नये म्हणून माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप लावलेल्या. इथे पेंढा, तिथे झावळी. मातीची भिंत भिजू द्यायची नाही, हे दोन्हीकडच्या माणसांनी आपापलं शोधून काढलंय.

गडगडाटाचंही तसंच. जपानात वर्षातून सर्वांत जास्त दिवस वीज कडाडते ती कानाझावात, सरासरी ४५ दिवस, आणि त्यातले पुष्कळ दिवस ऐन हिवाळ्यातले. बर्फ भुरभुरतंय आणि वर ढग गरजतायत, हे पहिल्यांदा अनुभवलं तेव्हा मी खिडकीशी खिळून राहिले होते. या गरजण्याला इथे 'बुरी-ओकोशी' म्हणतात. बुरी हा हिवाळ्यात चरबी धरणारा मोठा मासा, आणि ओकोशी म्हणजे उठवणारा. ढग गरजले की बुरी जागा होऊन किनाऱ्याकडे येतो, आता जाळी टाका, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे मृगाचा गडगडाट झाला की मुलं चढणीचे मासे धरायला पऱ्ह्याकडे धावतात. आकाशात आवाज झाला की दोन्हीकडच्या माणसांना आधी मासा आठवतो.

आपण पावसाला नक्षत्रांनी ओळखतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, आणि पंचांगात प्रत्येकाचं वाहन. कुणी बेडकावरून येतो, कुणी मोरावरून. जपानी जुन्या पंचांगात वर्षाचे ७२ तुकडे आहेत, प्रत्येक साधारण पाच दिवसांचा, आणि प्रत्येकाला नाव. मूळ यादी चीनची. सतराव्या शतकात खगोलज्ञ शिबुकावा शुनकाई यांनी ती जपानच्या हवेला जुळवून घेतली. डिसेंबरात 'अस्वल गुहेत शिरतं'. नव्या वर्षाच्या आरंभी 'बर्फाखाली गहू अंकुरतो'. आणि जानेवारीच्या अखेरीस, हाडं गोठवणाऱ्या दिवसांत, 'कोंबडी अंडं घालायला बसते'. हे शेवटचं माझं सर्वांत लाडकं. थंडी कमी झालेली नसते, पण दिवस चिमूटभर मोठा झालेला असतो, आणि माणसाच्या आधी ते कोंबडीला कळतं. मी तो आठवडा कॅलेंडरवर खूण करून ठेवते आणि त्या दिवसांत संध्याकाळी पाच वाजता मुद्दाम बाहेर जाऊन उजेड बघते.

बाकी घरातलं सांगण्यासारखं थोडंच. सगळं घर गरम करण्याची पद्धत इथे फारशी नाही, एक खोली ऊबदार करायची आणि तिथेच सगळ्यांनी जमायचं. बुटक्या टेबलाखाली हीटर, वर जाड रजई, हे कोतात्सू. त्यात पाय घालून मिकान संत्री सोलत बसलं की बोटं पिवळी होतात आणि गप्पा लांबतात. बाहेर चिमण्या पिसं फुलवून लोकरीच्या गुंड्यांसारख्या तारेवर बसलेल्या असतात. फुगलेल्या चिमणीला जपानीत वेगळा शब्दच आहे, फुकुरासुझुमे.

बर्फाचे स्फटिक प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवणारे शास्त्रज्ञ उकिचिरो नाकाया आमच्या इशिकावा प्रांतातलेच. १९३६ साली होक्काइदो विद्यापीठात त्यांनी तो स्फटिक वाढवला सशाच्या केसावर. हे मला शेजारच्या आजींनी सांगितलं, त्या स्वतः बर्फाचा ससा करत असताना.

पहिला मोठा बर्फ पडला की सकाळी सगळे आवाज विझलेले असतात. त्या शांततेत आजींच्या फावड्याचा आवाज येतो. त्या आपलं अंगण झाडतात, मग न विचारता माझ्या दारापर्यंतची वाट करतात. मी धावत बाहेर येईपर्यंत निम्मी झालेली असते. काम संपलं की ओंजळभर बर्फ दाबून त्या कुंपणाच्या खांबावर ससा बसवतात. नानतेनच्या झुडपाची दोन पानं म्हणजे कान, दोन लालभडक फळं म्हणजे डोळे.

गेल्या जानेवारीत तासाभराने पाहिलं तर ससा आंधळा. खांबावर हियोदोरी बसला होता, आपल्या बुलबुलाचाच भाऊबंद, तोच उद्धटपणे उभारलेला तुरा. मी फोटो मावशीला पाठवला. तिचं लगेच उत्तर आलं, "आमच्या पपया ठेवत नाही मेला, तिथे पण पोचला!" हे मी आजींना जपानीत सांगितलं तेव्हा त्या बराच वेळ हसत होत्या. मग त्यांनी सशाला नवे डोळे लावले आणि नानतेनचा एक अख्खा घोस तोडून शेजारच्या कुंडीच्या काठावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी घोसाचं नुसतं देठ उरलं होतं. सशाचे दोन्ही डोळे जागच्या जागी होते.